दुसऱ्यांदा म्हटलेलं गाणं

कुमुद जामसंडेकर यांच्या डाव्या हाताची करंगळी थापेच्या किंचित आधी हलत होती. थापेबरोबर नव्हे, आणि नंतर तर नाहीच. तबल्यावर हात पडण्यापूर्वी, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ आधी, ती खुर्चीच्या दांडीवरून उचलली जायची आणि थाप पडता पडता खाली टेकायची. डॉ. ऋजुता कणबरकर हिने ते पुन्हा पुन्हा पाहिले आणि मगच मान डोलावली. गाणे ऐकून ताल धरणाऱ्याचे बोट थापेच्या मागून येते. ज्याच्या आत ते गाणे आधीच चालू असते, त्याचेच बोट पुढे जाते.

“हे गाणं शाबूत आहे,” ती म्हणाली.

कुमुदच्या शेजारच्या खुर्चीत त्यांचे पती यशवंत जामसंडेकर बसले होते. वीज मंडळातून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तरीचे, उंच आणि थोडे वाकलेले. ध्वनिपेटीतून शांतला नेर्लेकरांचा आवाज येत होता.

सावकाश ये रे सख्या, वाट कुठे जात नाही…

गाणे संपल्यावर कुमुद यशवंतरावांकडे वळल्या. चेहरा उजळलेला होता.

“हे गाणं शेजारच्यांच्या रेडिओवर लागलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला बघायला येणार होते ना, त्या दिवशी. सगळी मोठी माणसं एस.टी.नं आली, आणि हा पठ्ठ्या जयसिंगपुराहून सायकलवर. अंकलीच्या पुलावर पंक्चर. सायकल हातात धरून चालत आला. मी खिडकीतून बघितलं आणि मला असं हसू फुटलं! गाणं काय लागलंय आणि हा कसा येतोय.” त्या थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तो आला की मला सांगा हं, काका.”

“सांगतो,” यशवंतराव म्हणाले.

ऋजुताही पूर्वी त्यांना काका म्हणायची. हा संवाद पहिल्यांदा ऐकला त्या दिवसापासून ती ‘यशवंतराव’ म्हणू लागली होती. त्यांच्या ते लक्षात आले होते.

मिरजेबाहेरच्या या स्मरणगृहात विस्मरणाच्या रुग्णांवर उपचार होत. आजाराचा क्रम साधारण ठरलेला असतो. नव्या गोष्टी आधी जातात, मग नावे, मग चेहरे. गाणी मात्र शेवटपर्यंत टिकतात. ऋजुताची कल्पना अशी होती, की सगळी भिंत ढासळत असताना ज्या थोड्या खुंट्या घट्ट राहिल्या आहेत, त्यांच्यावरच नवीन काही टांगता येते का ते पाहावे. मुलीचा आजचा चेहरा. नवऱ्याचे आजचे रूप. आपण कुठे राहतो, हे.

त्यासाठी तिचा सहकारी, पदार्थवैज्ञानिक डॉ. फिरोज मुल्ला, याने ठसाआसन तयार केले होते. दिसायला ते नाट्यगृहातल्या खुर्चीसारखेच. फक्त मानेमागच्या उशीत तारेची वेटोळी होती. त्यांतून निघणारे क्षीण चुंबकी स्पंद मेंदूच्या त्या भागाला चालना देत, जो नव्या अनुभवाचा ठसा पक्का करतो. नुसत्या खोलीत गाणे ऐकवून काही साधेना, म्हणून नाटक करायचे ठरले. जुनी गाणी, पण प्रसंग आजचे, आणि शेजारी आपलेच माणूस. इथले बहुतेक रहिवासी एकाच भागातले, एकाच वयाचे. त्यामुळे त्यांच्यात उरलेली गाणीही बहुतेक एकाच बाईंची निघाली. त्या गायिका, शांतला नेर्लेकर, जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण सांगली-मिरजेत त्यांचे चाहता मंडळ अजून दर महिन्याला भरत होते. त्या मंडळातले बरेच जण इथल्या रुग्णांचे नातेवाईक होते.

नाटकाचे नाव ठरले ‘संगीत परतभेट’. त्यापुढे मात्र काहीच ठरेना.

“दीड तासाचं नाटक आहे,” दिग्दर्शक सुधन्वा आठल्ये मंडळाच्या बैठकीत हात जोडून म्हणाला. “बाईंची सगळी गाणी घेतली तर प्रेक्षकांना मुक्कामाला यावं लागेल.”

“सगळी कोण म्हणतंय?” भोसेकर वकील म्हणाले. त्यांचे थोरले बंधू नाना स्मरणगृहात होते. “दर्जेदार तेवढी घ्या. ‘मेघ उतरले गच्चीवरती’ हवंच. त्या अंतऱ्यातली तान म्हणजे बाईंच्या गायकीचा कळस आहे.”

“अहो वकीलसाहेब, तुमची ती तान संपेपर्यंत माझा कुकर होतो,” निर्मला चौगुले म्हणाल्या. त्यांच्या आई अनसूयाबाई इथल्या सर्वांत जुन्या रहिवासी. “‘शेंगा भाजू या’ घ्या. लोक ठेका धरतील.”

“त्यात काव्य कुठाय? शेंगा, गूळ, मीठ, काड्यापेटी. वाणसामान आहे ते!”

“वाणसामानावरच जगता ना तुम्ही? का तानेवर?”

हशा पिकला. वकीलही हसले, पण माघार घेईनात. बाईंची उत्तरार्धातली गाणी खरी की सुरुवातीची, रेडिओवरची खरी की मैफलीतली, यावर दोन तट पडले. एकाच गोष्टीवर सगळ्यांचे एकमत होते. ‘सावकाश ये’ नसेल तर ते शांतलाबाईंचे नाटकच नव्हे.

पहिली चाचणी स्मरणगृहाच्या छोट्या नाट्यगृहात झाली. बिनचालक बसमधून मंडळाचे सभासद आले, मागच्या साध्या खुर्च्यांवर बसले. पुढच्या रांगेत ठसाआसने. काचेमागच्या कक्षात ऋजुता आणि फिरोज पडद्यावर प्रत्येकाचा मेंदूलेख पाहत होते. रंगमंचावर तरुण गायिकेने ‘शेंगा भाजू या’ म्हटले. प्रसंग साधा होता. म्हाताऱ्या आईजवळ मुलगी येऊन बसते. अनसूयाबाईंजवळ निर्मला बसल्याच होत्या.

गाणे संपले आणि मागून वकिलांचाच आवाज आला, “वन्समोअर!”

मग सगळेच ओरडू लागले. “वन्समोअर! वन्समोअर!”

“अरे, कुणीतरी थांबवा त्यांना!” फिरोज उठून उभा राहिला. “हा प्रयोग आहे, जलसा नव्हे! आकडे बिघडतील सगळे.”

“कसे थांबवणार?” ऋजुता म्हणाली. “संगीत नाटकाला आलेत ते.”

गायिकेने विंगेकडे पाहिले. विंगेत सुधन्वाने खांदे उडवले. वन्समोअर मिळाल्यावर गाणे न म्हणता पुढे जायचे, हे त्याच्याही रक्तात नव्हते. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लोक ठेका धरू लागले. अनसूयाबाईंनी मान वळवून मुलीकडे पाहिले आणि पाहतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मला नेहमीसारख्या खोलीत शिरल्या. अनसूयाबाई हातात फणी घेऊन बसल्या होत्या.

“निर्मले, किती उशीर गं,” त्या म्हणाल्या. “वेणी घाल.”

गेली चार वर्षे त्यांनी कुणालाही नावाने हाक मारली नव्हती. निर्मला दारातच उभ्या राहिल्या, आणि मग फणी हातात घेऊन वेणी घालायला बसल्या. ते पाहणाऱ्या परिचारिकेने ऋजुताला बोलावले, तेव्हा वेणी पूर्ण झाली होती आणि निर्मलांना ती सोडून पुन्हा घालावीशी वाटत होती.

“दोन वर्षं आपण गाणं एकदाच ऐकवत होतो,” ऋजुता फिरोजला म्हणाली. मेंदूलेखाच्या रेघा दोघांपुढे होत्या. “इथे बघ. पहिल्यांदा गाणं झालं तेव्हा जुनी आठवण जागी झाली. जागी झाली म्हणजे नुसती दिसली नाही, ती मोकळी झाली.”

“मोकळी म्हणजे?”

“आपण समजतो, आठवण म्हणजे कपाटातला फोटो. काढला, बघितला, परत ठेवला. तसं नसतं. आठवण दर वेळी काढली की तिची शाई ओली होते. परत ठेवताना ती नव्यानं छापली जाते. पुनर्मुद्रण. शाई ओली असताना समोर जे असेल, ते त्यात उतरतं.”

फिरोजने पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवले. “म्हणजे पहिल्या गाण्यानं शाई ओली होते, आणि आपले स्पंद…”

“तेव्हा वायाच जात होते. शाई ओली व्हायला काही मिनिटं लागतात. दुसऱ्या वेळी तेच गाणं, तोच प्रसंग, शेजारी निर्मलाबाई, आणि तुझे स्पंद. तेव्हा छाप पक्की बसली.”

“हे आपण आपल्या आराखड्यात कधीच धरलं नसतं,” फिरोज म्हणाला आणि हसू लागला. “कुठल्याही परदेशी प्रयोगशाळेत हे घडलं नसतं, ऋजुता. तिथे प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातात.”

“वकिलांचे आभार मानायला हवेत.”

“मी त्यांना हाकलायला निघालो होतो. आता त्यांना चहाला बोलावतो.”

किंमत पंधरवड्याने लक्षात आली, तीही निर्मलांनाच. ‘शेंगा भाजू या’ लागले की अनसूयाबाई पूर्वी आपल्या भावाबद्दल बोलायच्या. शेतात त्याने शेकोटी कशी केली, चटके बसले म्हणून कसा नाचला. आता गाणे लागले की त्या निर्मलाकडे बघून हसत. भावाचे नाव काढले तर नम्रपणे विचारत, “कोण ते?”

खुंटी एकच होती. नवे टांगताना जुने खाली आले होते.

ऋजुताने हे मंडळाच्या बैठकीत काही न लपवता सांगितले. नाटकात जे गाणे जाईल, त्याच्याशी जोडलेली जुनी आठवण त्या रुग्णापुरती बहुधा जाईल. त्याबदल्यात आजचे एखादे माणूस मिळेल. रुग्णांनी उपचारांना संमती दिली होती ती स्वतः सह्या करण्याइतके भान असताना. पण तेव्हा ही किंमत कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणून आता पुन्हा विचार करा, असे ती म्हणाली.

भोसेकर वकील खाकरले.

“मला वाटतं, ‘शेंगा भाजू या’च मुख्य ठेवावं. लोकप्रिय गाणं आहे.”

“वा! आता बरं काव्य सापडलं,” निर्मला म्हणाल्या. “तुमचं ‘मेघ उतरले’ कुठे गेलं? कळस होता ना?”

“कळस आहे म्हणूनच. कळसाला हात लावू नये.”

“मग पायरीला लावायचा?”

दुसऱ्या कुणीतरी आपले गाणे मागे घेतले. मग तिसऱ्याने. जी माणसे महिनाभर आपल्या गाण्यासाठी भांडत होती, ती आता दुसऱ्याच्या गाण्याची तोंड भरून स्तुती करू लागली. सुधन्वाने यादीवर रेघा मारता मारता पेन खाली ठेवले.

“आता नाटकात फक्त नांदी उरली आहे,” तो म्हणाला. “तीसुद्धा बाईंची नाही, माझी आहे.”

हसू ओसरल्यावर निर्मला उभ्या राहिल्या. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

“मामाची आठवण गेली, हे खरं आहे. मला वाईट वाटलं. घरी जाऊन रडलेसुद्धा. पण ती आठवण मला माहीत आहे ना. तिनंच सांगितली आहे शंभरदा. मी माझ्या मुलांना सांगेन. आईनं इतकी वर्षं सांभाळली, आता मी सांभाळते. आणि सकाळी ती मला हाक मारते.” त्या थांबल्या. “मी डॉक्टरांची आभारी आहे. वकीलसाहेब, तुमचीही. तुम्ही ओरडला नसतात तर मी अजून दारात उभी राहून माझं नाव सांगत बसले असते.”

वकिलांनी चष्मा काढून पुसला. जरा वेळाने ते म्हणाले, “नानाला ‘मेघ उतरले’ ऐकवा. तो मला त्याचा हेडमास्तर समजतो. रोज उभा राहून नमस्कार करतो. थोरल्या भावाचा नमस्कार घेणं फार वाईट असतं हो.”

त्या दिवशी नियम ठरला, आणि तो मंडळानेच ठरवला. गाणे पहिल्यांदा सगळ्यांसाठी. तेव्हा ठसाआसनाचे स्पंद बंद ठेवायचे. दुसऱ्यांदा ज्याचे त्याच्यासाठी, आणि वन्समोअर मागण्याचा हक्क फक्त त्याच्या घरच्या माणसाचा. इतरांनी जीभ चावून बसायचे. तालमींत ज्या गाण्याला घरच्यांचा वन्समोअर मिळेल ते नाटकात राहील, ज्याला मिळणार नाही ते गळेल.

“यशवंतराव, ‘सावकाश ये’चं काय?” सुधन्वाने विचारले.

“सांगतो,” यशवंतराव म्हणाले.

पुढच्या बैठकीतही ते तेच म्हणाले, आणि त्याच्या पुढच्याही. सुधन्वाने ते गाणे शेवटच्या प्रवेशात तात्पुरते बसवले. इतर गाण्यांचे निर्णय झाले. एका तालमीनंतर नाना भोसेकरांनी धाकट्या भावाला ‘बाळ्या’ म्हणून हाक मारली आणि वकील आठवडाभर सगळ्यांना ते सांगत फिरले. चाहत्यांमध्ये पुन्हा वाद सुरू झाला. ‘सावकाश ये’शिवाय पडदा पडूच शकत नाही, असे काहींचे म्हणणे, माणसाला इतके पेचात धरू नये, असे इतरांचे. यशवंतराव दोन्हीकडचे ऐकून घेत. मंडळ त्यांनीच मित्रांबरोबर सुरू केले होते. शांतलाबाईंच्या उघड्यावरच्या कार्यक्रमांना तारा ओढून द्यायचे काम त्यांचेच असे.

एका दुपारी ऋजुता त्यांच्याजवळ बागेतल्या बाकावर बसली. स्मरणगृहाच्या छपरावरची वीज देणारी ऊनपाने सूर्याबरोबर हळूहळू वळत होती. यशवंतराव रोज दुपारी इथे येत, मग कुमुदकडे जात, गाणे लावत, त्या ती गोष्ट सांगत, ते ऐकत.

“मी घाई करायला आले नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे.” ते तिच्याकडे वळले. “डॉक्टर, कुमुदला पन्नास वर्षांतलं काही आठवत नाही. मुलगा आठवत नाही, घर आठवत नाही. एवढं एकच आठवतं. त्यात मी आहे. पंचवीस वर्षांचा, पंक्चर झालेली सायकल घेऊन. तो गेला आणि त्याच्या जागी मी बसलो, तर मी कुठून आलो हे तिला कसं कळणार? ओळखेल मला. ‘यशवंत’ म्हणेल. पण का म्हणते ते तिला ठाऊक नसेल.”

ऋजुताने खोटा धीर दिला नाही. “नसेल,” ती म्हणाली.

“तो तिथे सुखरूप आहे. ती रोज त्याला बघून हसते.”

“तुम्हाला त्याचा हेवा वाटतो का?”

“कुणाचा?”

“त्या सायकलवाल्याचा.”

यशवंतराव मोठ्याने हसले. “वाटतो की. काय नशीब आहे लेकाचं! केस काळे, गुडघे धड, आणि बायको वाट बघतेय. मी रोज तिच्याजवळ बसून त्याची वाट बघतो.” मग ते शांतपणे म्हणाले, “पण त्याला मी कसा हाकलू? मी त्याला जपतोय. दुसरं काय आहे माझ्या हातात?”

रंगीत तालीम एका रविवारी दुपारी झाली. नाट्यगृह भरले होते. फिरोज एकटाच काचेमागे बसला. ऋजुता कुमुद आणि यशवंतरावांच्या मागच्याच खुर्चीवर बसली. गाण्यामागून गाणे झाले. प्रत्येक गाण्यानंतर सगळे श्वास रोखत, मग एकच आवाज उठे आणि गाणे पुन्हा सुरू होई. त्या एकट्या आवाजानंतर मागच्या रांगांतून जे हसू फुटे, ते टाळ्यांपेक्षा मोठे होते.

शेवटच्या प्रवेशात म्हातारा नवरा दारात उभा राहतो आणि म्हातारी बायको त्याला आत बोलावते. एवढेच. गायिकेने सूर लावला.

सावकाश ये रे सख्या, वाट कुठे जात नाही
दार उघडे आहे अजून, दिवस काही मावळत नाही…

गाणे संपले. नाट्यगृहात कुणीही हलले नाही. जन्मभर या गाण्याला वन्समोअर देत आलेली ती माणसे ओठ मिटून बसली होती. निर्मलांनी पदराचे टोक दातांत धरले होते. वकील छताकडे पाहत होते. गायिका रंगमंचावर उभी होती, विंगेत सुधन्वा.

कुमुद यशवंतरावांकडे वळल्या आणि नेहमीसारखे सांगू लागल्या. रेडिओ. मोठी माणसे. अंकलीचा पूल. पंक्चर. ऋजुताला ती गोष्ट पाठ झाली होती. ती शब्दांच्या पुढे पुढे जात होती.

“…सायकल हातात धरून आला. मला असं हसू फुटलं!” कुमुद म्हणाल्या. “घामाघूम झाला होता बिचारा. दाराशीच घुटमळला. तुम्हीच नाही का काका, त्याला तांब्याभर पाणी दिलंत आणि आत घेऊन आलात? तुम्ही नसतात तर तो परतच गेला असता.”

ऋजुता ताठ बसली. तांब्या गोष्टीत नव्हता. काकाही नव्हते.

तिने कानातल्या यंत्रात हलकेच विचारले, “फिरोज, स्पंद चालू आहेत?”

“नाहीत. नियमाप्रमाणे बंद आहेत.”

ते बंद असणारच होते, हे तिला बोलता बोलताच उमगले. आठवण उघडली की शाई ओली होते, हे तिने स्वतःच सगळ्यांना समजावले होते. यंत्र फक्त वेग वाढवत होते. यशवंतराव रोज दुपारी ते गाणे लावत होते. रोज आठवण उघडत होती, आणि रोज ती उघडी असताना समोर हेच बसलेले होते. तो पंचवीस वर्षांचा मुलगा कुठेही सुखरूप नव्हता. त्याची गोष्ट रोज पुन्हा छापली जात होती आणि प्रत्येक छापेत शेजारचा म्हातारा थोडा अधिक ठळक होत होता. मायाळू, पाणी देणारा, परका काका. निर्णय लांबवून ते काहीच जपत नव्हते. ते स्वतःला काका म्हणून पक्के करत होते.

हे आत्ता सांगावे का? ती पुढे झुकली. पण यशवंतरावांनी तिच्याकडे पाहिलेच नाही. बैठकांत ते कमी बोलत, पण ऐकत सगळे. ओल्या शाईची गोष्ट त्यांनाही पाठ होती.

“कुमुद,” ते म्हणाले, “मी कधीपासून होतो तिथे?”

“म्हणजे काय?” कुमुदना प्रश्नाचेच नवल वाटले. “तुम्ही पहिल्यापासून होतात की.”

यशवंतराव हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. एवढी मोडलेली भिंत, एकच खुंटी, आणि तिथेही तिने एका परक्या म्हाताऱ्याला जागा करून दिली होती. त्याच्या हातात तांब्या दिला होता. तरुण यशवंतला घरात आणण्याचे पुण्य त्याच्या नावावर लिहिले होते. याहून अधिक कुणी कुणाला काय देणार?

“बरं झालं पाणी दिलं,” ते म्हणाले. “फार दमला होता तो.”

“हो ना!”

त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि दुसरा हात खुर्चीच्या दांडीवर रोवून ते सावकाश उभे राहिले. संपूर्ण नाट्यगृह वळून त्यांच्याकडे पाहू लागले. विंगेतून सुधन्वा अर्धा बाहेर आला. काचेमागे फिरोजने स्पंदांच्या कळीवर बोट ठेवले.

यशवंतरावांनी रंगमंचाकडे पाहिले.

“वन्समोअर!” ते म्हणाले.